गवती चहाचं व्हिनेगर

चायनीजच्या गाडीवर सॉसच्या बाटल्यांशेजारी हिरव्या मिरचीचे तुकडे घातलेली एक बरणी असते. नूडल्सवर त्यातलं चमचाभर पाणी शिंपडणारा गिऱ्हाईक नकळत मुरवलेलं व्हिनेगरच खात असतो. मिरची एव्हाना शेवाळी पडलेली असते, कारण आम्लात तिच्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. तिखटपणा मात्र पाण्यात उतरलेला.

फ्रान्समध्ये हेच काम टॅरॅगॉनच्या पाल्याकडून करून घेतात. बडीशेपेची आठवण देणारा त्याचा वास व्हिनेगरमध्ये उतरला, की ते बेआर्नेज सॉसच्या कामी येतं. टॅरॅगॉन नसला म्हणून अडत नाही. गवती चहा, पुदिना, ओव्याची पानं मंडईत नाही तर शेजारणीच्या कुंडीत सापडतात.

व्हिनेगर मात्र लेबल वाचून घ्यावं. स्वस्त बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं छापलेलं असतं, म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं अ‍ॅसिटिक आम्ल. चालतं, पण चव एकसुरी. सफरचंदाचं किंवा तांदळाचं, आंबवून केलेलं व्हिनेगर पाल्याला खुलवतं. आम्लता ५ टक्के असावी. गोव्यात माडीपासून केलेलं व्हिनेगर मिळतं. त्याचा स्वतःचाच वास असा दांडगा, की पुदिना त्यात हरवून जातो. त्याच्यापुढे लसूणच टिकते.

कृती सोपी, पण आळशी माणसाची नव्हे. काचेची बरणी १० मिनिटं पाण्यात उकळून घ्यायची. पाला धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा करायचा. पाण्याचा अंश राहिला तर आम्ल तेवढं पातळ होतं. दोन कप व्हिनेगरला तीन-चार काड्या पुरतात. गवती चहाची पात आधी बत्त्याने जराशी ठेचावी, तेव्हा कुठे तिचा वास सुटतो. व्हिनेगर स्टीलच्या पातेल्यात तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, आणि गरम असतानाच पाल्यावर ओतायचं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आम्ल त्याला खातं. झाकण प्लॅस्टिकचं बरं. बरणी तीन-चार आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवून मलमलीतून गाळायची, पाला टाकून द्यायचा, बाटली फ्रीजमध्ये.

हाच प्रयोग तेलात करायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. कच्ची लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवली, की तिला हवा लागत नाही आणि आम्लही नसतं; बोट्युलिझमच्या जंतूंना आणखी काय हवं? व्हिनेगरचा पीएच ४.६च्या बराच खाली असल्याने तिथे त्यांची डाळ शिजत नाही.

पुदिन्याचं व्हिनेगर काकडीच्या कोशिंबिरीवर चमचाभर घालावं, गवती चहाचं तळलेल्या मासळीवर. घरीच आंबवून केलेल्या व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते. सॅलडला ते खुशाल वापरावं, वर्षभराचं लोणचं मात्र त्याच्या भरवशावर घालू नये.