देवाशी खुशाल भांडा



स्नेहसंमेलनात फिशपाँड आणि नाचाच्या मधे मला उभं केलंय. लवकर आटपलं नाही, तर पुढचा फिशपाँड माझ्यावरच पडेल. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

लातूर-नांदेडात नीटच्या निकालाच्या दिवशी घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो : मी कुणाचं काय वाईट केलं होतं, म्हणून देवानं असं केलं? आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाहून येऊन झोपलेली किल्लारी, सास्तूरसारखी गावं भूकंपात ढिगारा झाली. सरकारी हिशेबानंच जवळपास 8,000 माणसं गेली. मदतकार्यात आम्हाला एका म्हातारीच्या घरातले देवांचे चांदीचे टाक सापडले. पुसून तिच्या हातात दिले, तर तिनं ते पिशवीच्या तळाशी कोंबले. "लई पुजलं," एवढंच म्हणाली. उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तर पत्र्याच्या शेडमध्ये टाक मांडलेले, पण हळद-कुंकू नाही. मी विचारलं. म्हणाली, "बसवलेत की. पर बोलत न्हाई अजून."

देवाशी हा अबोला, हे भांडण इथलंच आहे. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला एकेरीवर येऊन शिव्या घालते. नरसीचे नामदेव त्याच्याशी रुसतात, भांडतात. तिकडे देहूत तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली; त्यांनीही देवाला सोडलं नाही, आणि बोलताना हातचं राखलंही नाही! यांना आपण संत म्हणतो आणि घरातल्या पोराला मात्र "देवाला असं बोलू नये" म्हणून गप्प करतो. ज्याचा विश्वासच उडाला, त्यालाही टोचू नका. तो त्याचा प्रश्न आहे.

फक्त एक करा, देवाच्या खात्यावर माणसाची उधारी मांडू नका. जमीन हलली हे खरं. पण माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा पावसाला बोल लावणं सोपं होतं. पाणी ओढणाऱ्या उसाला आणि बोअरला जाब विचारणं अवघड होतं, आजही आहे.

नीटमध्ये मार्क कमी पडले, तर देवाला चार शब्द जरूर सुनवा. पण दार लावून एकटे बसू नका. आईला सांगा, सरांना सांगा, रूमवरच्या मित्राला सांगा. कुणाशीच बोलवत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे; फोन फुकट लागतो, रात्रीही.

आणि पालकहो, पोरगं देवावर चिडलेलं असेल, तेव्हा "जे होतं ते भल्यासाठीच" हे वाक्य निदान पहिले आठ दिवस तरी तोंडातून काढू नका.