शितावरून समुद्राची परीक्षा

(अंबड, नाशिक येथे लघुउद्योजक, कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अंबडच्या औद्योगिक वसाहतीला यंत्रमानव हा विषय नवा नाही. वेल्डिंग करणारा किंवा सुटे भाग उचलून ठेवणारा यांत्रिक हात येथील अनेकांनी पाहिला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी त्याची धास्ती तरी ऐकलेलीच आहे. ‘रोबो’ हा शब्दच मुळी श्रमाच्या दुःखातून जन्मला. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला आणि त्याचे मूळ असलेल्या ‘रोबोटा’ या शब्दाचा अर्थ आहे वेठ. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला, तो साच्यातून निघालेले तप्त भाग उचलण्यासाठी. माणसाचा हात भाजू नये, हे त्या यंत्राचे पहिले काम होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

भारतात २०२३ या एका वर्षात ८,५१० नवे औद्योगिक यंत्रमानव बसविले गेले. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ ५९ टक्क्यांची होती. त्याच वर्षी चीनने बसविले २,७६,२८८. या दोन आकड्यांमधील अंतर पाहून आपल्याकडे चर्चा सुरू होते ती यंत्रे विकत घेण्याची. यंत्र विकत मिळते. पण त्यामागची विद्या कोठे घडते, कोण घडवितो आणि त्याला किती वर्षे लागतात, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. आजचा विषय तोच आहे.

कारखान्यातील यांत्रिक हात हा एका अर्थाने सुखी प्राणी होय. त्याच्या पायाखालची जमीन हलत नाही, त्याच्यासमोर येणारा भाग ठरलेल्या जागीच येतो. त्याला कुंपणाबाहेर काढून जंगलात, आकाशात किंवा समुद्रात सोडले की खरी परीक्षा सुरू होते. मी कोठे आहे, पुढे काय आहे, आता कोणीकडे जावे, हे प्रश्न यंत्राने स्वतःच सोडवायचे असतात. या प्रश्नांवर ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत गौरव सुखात्मे हे नाव मानाने घ्यावे लागेल.

मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन सुखात्मे लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना गुरू लाभले ते जॉर्ज बेकी. बेकी यांचे चरित्रही ऐकण्यासारखे आहे. १९२८ साली ब्रातिस्लाव्हात जन्मलेला हा मुलगा युद्धाच्या वावटळीत घरादारासह देशोधडीला लागला, बोलिव्हियामार्गे अमेरिकेत पोहोचला आणि पुढे त्या विद्यापीठातील यंत्रमानव संशोधनाचा पाया त्यानेच घातला. ‘ऑटोनॉमस रोबोट्स’ हे या क्षेत्रातील प्रतिष्ठित संशोधनपत्र बेकी यांनी सुरू केले आणि त्याच्या प्रमुख संपादकपदाची धुरा पुढे त्यांचे शिष्य सुखात्मे यांच्याकडे आली. गुरुकुलाची आठवण व्हावी अशी ही परंपरा कॅलिफोर्नियात निर्माण व्हावी, हे आपल्याला चटका लावणारे असले तरी तिचे मोल कमी होत नाही.

१९९७ मध्ये सुखात्मे यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढे त्याच विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. येथून जे घडले, ते एकट्याचे कर्तृत्व म्हणून सांगणे त्यांनाही रुचणार नाही. त्या काळी प्रत्येक यंत्रमानवाची भाषा वेगळी असे. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. नवे यंत्र आले की विद्यार्थ्याने पुन्हा ‘श्रीगणेशा’ करायचा. माया मातारिच आणि सुखात्मे यांच्या भोवतीच्या तरुण मंडळींनी, म्हणजे ब्रायन गर्की, रिचर्ड वॉन, अँड्र्यू हॉवर्ड आदींनी, यावर तोडगा काढला. त्यांनी ‘प्लेअर’ नावाची संगणकप्रणाली रचली. अंबडच्या भाषेत सांगायचे तर कोणत्याही कंपनीची मोटार लावावी आणि ती चालावी, असे एकच सॉकेट. २००१ मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. ‘प्लेअर’ म्हणजे नट. मग त्याला रंगमंच हवा, म्हणून यंत्राची सपाट पडद्यावरील नक्कल करणाऱ्या प्रणालीला नाव मिळाले ‘स्टेज’. २००२ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचा विद्यार्थी नेट केनिग यांनी त्रिमिती नक्कल करणारी ‘गॅझेबो’ ही प्रणाली सुरू केली. नाटकवेड्या महाराष्ट्राला ही नावे आवडावीत.

महत्त्वाचे असे की, हे सारे त्यांनी खुले ठेवले. कोणीही घ्यावे, वापरावे, त्यात भर घालावी. पुढे गर्की हे ‘रॉस’ या खुल्या प्रणालीच्या उभारणीतील एक प्रमुख शिल्पकार ठरले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तीच प्रणाली चालते. ‘गॅझेबो’ तिच्या जोडीला आहे. याचा अर्थ, सिडकोतील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या एखाद्या मुलीने, हाताशी एकही यंत्रमानव नसताना, साध्या संगणकाच्या पडद्यावर तो उभा करावा, चालवावा, पाडावा, पुन्हा उभा करावा, आणि यासाठी कोणाला एक पैसाही देऊ नये. विद्या दिल्याने वाढते, हे आपण सुभाषितांतून पाठ करतो. येथे ते प्रत्यक्षात उतरले आहे.

२००३ मध्ये श्रीकांत सारिपल्ली, जेम्स माँटगोमेरी आणि सुखात्मे यांनी चालकाविना उडणारे छोटे हेलिकॉप्टर कॅमेऱ्याच्या दृष्टीने जमिनीवरील खूण ओळखून स्वतः उतरविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ड्रोन हा शब्द लग्नाच्या छायाचित्रकाराच्या तोंडीही असतो. तेव्हा तसे नव्हते. सारिपल्ली पुढे स्वतः प्राध्यापक झाले. साखळीत आणखी एक कडी जोडली गेली.

परंतु या कारकिर्दीतील सर्वांत मनोवेधक भाग पाण्यातला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ काही वेळा सूक्ष्म शैवाल अकस्मात माजते. त्यातील काही जाती विषारी असतात. मासे, समुद्रपक्षी, सागरी प्राणी मरतात. हे शैवाल केव्हा, कोठे आणि कशामुळे वाढते, हे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कॅरन यांना हवे होते. पण समुद्र मोजायचा कसा? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातील भात सर्वत्र सारखा शिजलेला असतो. समुद्र तसा नसतो. येथे उष्ण, तेथे थंड; वर एक, चार मीटर खाली दुसरे. जहाजातून नमुने घेणे खर्चिक आणि तुटपुंजे. मग कोणते शीत उचलावे?

सुखात्मे यांच्या गटाने हाच प्रश्न यंत्रासमोर ठेवला. आतापर्यंत हाती आलेल्या मोजमापांवरून यंत्राने अंदाज बांधायचा, आपला अंदाज कोठे सर्वांत कच्चा आहे हे ओळखायचे आणि पुढचे मोजमाप तेथे जाऊन घ्यायचे. म्हणजे स्वतःच्या अज्ञानाचा नकाशा काढून त्या दिशेने प्रवास करायचा! यासाठी तळ्यात आणि बंदरात स्थिर संवेदक आणि स्वयंचलित होड्या, तर खुल्या समुद्रात ‘ग्लायडर’ वापरले गेले. ग्लायडरला पंखा नसतो. आपली तरंगण्याची क्षमता कमी-अधिक करीत तो तिरपा खाली जातो आणि तिरपा वर येतो. वीज इतकी थोडी लागते की आठवडेच्या आठवडे तो समुद्रात राहतो. वर आल्यावरच उपग्रहाशी बोलतो, आणि त्याच वेळी एखाद्या मालवाहू जहाजाची धडक बसण्याचा धोका असतो. म्हणून कोठे वर यावे, याचेही गणित या गटाला मांडावे लागले.

मार्च २०११ मध्ये रेडोंडो बीचच्या किंग हार्बर या बंदरात लक्षावधी सार्डीन मासे एका रात्रीत मरून पडले. पाण्यातील प्राणवायू संपला होता. विद्यापीठाचे संवेदक त्या बंदरात आधीपासून बसविलेले होते, त्यामुळे आदल्या काही तासांत काय घडले याची नोंद हाती आली. मासे मेल्यावर समिती नेमून हे साधले नसते.

येथे आई-वडिलांच्या मनातील प्रश्न टाळून चालणार नाही. पदवीनंतर लगेच नोकरी मिळत असताना डॉक्टरेटची पाच-सहा वर्षे का घालवावीत? घरात कर्ज असेल, धाकट्या बहिणीचे शिक्षण असेल, तर हा प्रश्न रास्तच आहे; त्याला ध्येयवादाचे व्याख्यान हे उत्तर नव्हे. उत्तर व्यवस्थेने द्यायचे असते, पुरेशी विद्यावृत्ती देऊन आणि संशोधकाला पुढे जागा निर्माण करून. त्या आघाडीवर आपण हात बांधून बसलेलो नव्हतो. संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरु येथे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि यंत्रमानव केंद्र काढले ते १९८६ मध्ये. २०१८ साली केंद्र सरकारने ३,६६० कोटी रुपयांच्या सायबर-भौतिक प्रणाली अभियानाला मंजुरी दिली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या २५ केंद्रांपैकी बंगळूरुच्या विज्ञान संस्थेतील व दिल्ली आयआयटीतील केंद्रांचा भर यंत्रमानवावरच आहे. तरुणांचा उत्साह तर पुण्याने पाहिला आहे. आशिया-प्रशांत देशांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००८ मध्ये तेथे झाली, तेव्हा तिचा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०२२ मध्ये दिल्लीत झाली तेव्हा लगोरी. उणीव आहे ती स्पर्धा संपल्यानंतरची. ज्या मुलांनी रात्री जागून यंत्र उभे केले, त्यांच्यापैकी कितीजणांना नंतर सांगितले जाते की, आता एकच प्रश्न घे आणि त्यावर दहा वर्षे बस?

असा प्रश्न शोधायला नाशिककरांनी समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. सातपूर-अंबडच्या बाजूने वाहत येणारी नासर्डी, जिचे जुने नाव नंदिनी, टाकळीजवळ गोदावरीला मिळते. त्याच संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. आज तेथील पाण्याकडे पाहवत नाही, आणि दरवर्षी गोदेवर पसरणाऱ्या पाणवेलींची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. पाणी बिघडते हे सर्वांना दिसते. ते कोणत्या नाल्यापाशी, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती बिघडते आणि तेथून प्राणवायू कोठपर्यंत घटत जातो, हे महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीतून कळत नाही. त्यासाठी लागणारी छोटी होडी, तिची मोटार, तिचे पॅनेल, तिची पेटी, यांतील बहुतेक वस्तू या वसाहतीतच तयार होऊ शकतात. होडीने पहिले मोजमाप रामकुंडाशी घ्यावे की टाकळीला, हे ठरविणारे गणित मात्र कोणाला तरी बसून करावे लागेल.