काळा कोट उतरवून विम्यात

नारायण पेठेतून ज्या रस्त्यानं आपण अप्पा बळवंत चौकाकडे पुस्तकं आणायला जातो, त्याला न. चिं. केळकरांचं नाव आहे. केळकर मुळात वकील. १८९४ साली एलएल.बी. झाले, साताऱ्याला वकिली मांडली. १८९६ मध्ये टिळकांनी त्यांना पुण्याला बोलावून घेतलं आणि काळा कोट खुंटीला लागला तो लागलाच. पुढे गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, त्यांनी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले. टिळकचरित्र लिहिलं, नाटकं लिहिली, कविता केल्या, पुण्याचं नगराध्यक्षपदही सांभाळलं. वकिली सोडूनही माणूस मोठा होतो, हे पुण्याला असं पटलेलं आहे. फक्त ती सोडायची देशासाठी, नाहीतर साहित्यासाठी. विमा कंपनीसाठी सोडली म्हणालात, तर पेठेतला माणूस चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "का हो, चालत नव्हती का?"

आज अशाच एका न चाललेल्या वकिलाविषयी बोलायचं आहे. तो पुण्याचा नाही, अमेरिकेतला. वॉलेस स्टीव्हन्स त्याचं नाव, जन्म २ ऑक्टोबर १८७९. वडील पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावचे वकील. मुलगा हार्वर्डला तीन वर्षं शिकला, न्यूयॉर्कला वर्तमानपत्रात उमेदवारी करून पाहिली, पण मन रमेना. वडिलांचा लकडा मागे होताच. कायदा शिकून १९०४ मध्ये त्यानं सनद घेतली. एका मित्राबरोबर भागीदारीत ऑफिस थाटलं, ते बुडालं. मग या फर्ममधून त्या फर्ममध्ये, असं चार वर्षं चाललं. १९०८ मध्ये त्यानं बाल्टिमोरच्या एका बाँडिंग कंपनीच्या न्यूयॉर्क कचेरीत नोकरी धरली. १९१६ मध्ये तो हार्टफर्ड शहरातल्या हार्टफर्ड ॲक्सिडेंट अँड इंडेम्निटी कंपनीत गेला, १९३४ मध्ये तिचा उपाध्यक्ष झाला आणि १९५५ मध्ये मरेपर्यंत त्याच खुर्चीवर होता.

हा माणूस त्या देशाच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या कवींपैकी एक. पहिला संग्रह आला तेव्हा त्याचं चव्वेचाळिसावं वर्ष सरत आलं होतं. तो फारसा खपलाही नाही. मोटार चालवायला तो कधी शिकला नाही. घरापासून कचेरी दोन मैलांवर; लकडी पुलावरून निघून कॅम्पात पोचावं, एवढी वाट. ती तो रोज पायी चालायचा आणि चालता चालता ओळी जुळवायचा. टाइप करून द्यायला कचेरीतली सेक्रेटरी असायची. १९५५ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. हार्वर्डनं वर्षभरासाठी मानाचं व्याख्यातेपद देऊ केलं, तर ते त्यानं नाकारलं. ते घ्यायचं म्हणजे कंपनीतून निवृत्त व्हावं लागेल, हे त्याचं कारण. सत्तरी कधीच उलटली होती!

यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: बिचारा, पोटासाठी अडकला. मला हे पटत नाही. अडकलेला माणूस सुटायची संधी अशी परत करत नाही. आणि दुसरं, तो त्या कंपनीत करत काय होता, हे आपण विचारतच नाही.

ते जरा जवळून बघू. एका गावाला न्यायालयाची इमारत बांधायची आहे. कंत्राटदार सर्वांत कमी दराचं टेंडर भरतो. गाव म्हणतं, तू अर्ध्यावर पळालास तर? जामीन आण. तो जामीन कंपनी राहते आणि तसा बाँड लिहून देते. आयुर्विम्यात मृत्यू ठरलेलाच असतो, इथे मात्र काहीच घडू नये हीच कंपनीची अपेक्षा असते. पण चौथा मजला चढायच्या आत कंत्राटदार हात वर करतो, गाव बाँड घेऊन कंपनीच्या दारात उभं राहतं आणि कागदांचा गठ्ठा स्टीव्हन्सच्या टेबलावर येतो.

आता प्रश्न सुरू होतात. कंत्राटदारानं खरंच कसूर केली, की गावानंच हप्ते थकवले? मधेच नकाशा बदलला, तेव्हा जामीनदाराला कळवलं होतं का? न कळवता करार बदलला असेल तर जामीनकी उरते की सुटते? रक्कम मोजून मोकळं व्हावं, की दुसरा कंत्राटदार लावून इमारत पुरी करून द्यावी? दुसरं स्वस्त पडत असेल, तर विटा, सिमेंट आणि मजुरी यांचा हिशेब वकिलालाच समजून घ्यावा लागतो. मग दिलेला पैसा मूळ कंत्राटदाराकडून वसूल करायचा. या कामासाठी स्टीव्हन्स देशभर फिरला, फ्लोरिडाला तर वारंवार गेला. जामीनकीच्या दाव्यांत त्याच्या शब्दाला त्या धंद्यात मोठा मान होता. कोर्टात उभं राहून त्याला जमलं नव्हतं ते खुर्चीत बसून, कागद वाचून जमलं. वकिली त्यानं सोडली कुठे होती? अशील एकच उरलं होतं, एवढाच फरक.

त्याच सुमारास प्रागमध्ये कायद्याचा एक डॉक्टरही विम्याच्या नोकरीत होता, फ्रान्झ काफ्का. लाकूड रंधणाऱ्या यंत्राचा चौकोनी दांडा कामगारांची बोटं तोडतो, त्याऐवजी गोल दांडा बसवा, हे त्यानं कचेरीच्या अहवालात आकृत्यांसह मांडलं होतं. त्याला नोकरी जाचत होती, हे खरं. पण अहवाल चोख आहे.

आपल्याकडे विम्याचा धंदा काही परका नव्हता. ज्या साताऱ्यातून केळकर निघाले, तिथेच १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुख्य कचेरी मुंबईत नव्हे, जिल्ह्याच्या गावात! स्वदेशीच्या हवेत माणसांनी घरच्यासारखी ती चालवली. लाहोरला लक्ष्मी इन्शुरन्स उभी राहिली, तिच्यामागे लाला लजपतराय होते, तेही वकीलच. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि देशी-परदेशी विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था आयुर्विमा महामंडळात गेल्या. साताऱ्याची कंपनीही त्यातच. गैरव्यवहाराला आळा घालायला हे हवंच होतं, असं सांगतात. काही कंपन्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. नीट चाललेल्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली, असं माझं मत आहे.

स्टीव्हन्सचं काम मात्र इथे रुजायला फार वेळ लागला. आपला कंत्राटदार वर्षानुवर्षं बँक गॅरंटी देत आला. त्यात त्याचं खेळतं भांडवल अडकून पडतं. विमा कंपन्यांना श्युरिटी, म्हणजे जामीनकीचे, बाँड विकायची वाट विमा नियामकानं १ एप्रिल २०२२ पासून मोकळी केली. त्याच वर्षी डिसेंबरात असा देशातला पहिला विमा बाजारात आला, तो येरवड्यात मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या बजाज अलियान्झचा. हार्टफर्डमध्ये १९१६ साली चालणारं काम मुळा-मुठेच्या काठी आलं ते हे असं, शंभरएक वर्षांनी.

म्हणजे रस्ते-पुलांची कंत्राटं अर्ध्यावर थांबतील तेव्हा जामीनकीचे कागद वाचणारे वकील आता इथेही लागणार. नियम असा, की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिलाला सनद स्थगित ठेवावी लागते, कोर्टात उभं राहता येत नाही. शिवाजीनगर कोर्टात तारखा घेऊन कंटाळलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा निर्णय घ्यावा लागेल, तेव्हा घरच्यांनी हळहळू नये, एवढीच विनंती. आणि त्या मुलांनीही संध्याकाळी घरी येऊन जे काही लिहायचं असेल ते लिहावं. नोकरी सुटेपर्यंत त्यासाठी थांबू नये.