धड्याचे ओझे हलके करा

परभणी तालुक्यातील पेडगावासारख्या गावात आता धडा फळ्यावरच संपत नाही. समजा, गुरुजींनी कापसावरील किडींचा पाठ घेतला. संगणकावर वीस स्लाइड्स तयार केल्या, आणि शाळा सुटल्यावर त्यांची पीडीएफ करून पालकांच्या मोबाईलवर धाडली. हेतू उत्तम! पण फाईल निघाली ४० एमबीची. तीस घरे धरली तर १२०० एमबी झाले. ज्या घरात मोबाईल एकच, रेंज बेताची आणि डेटा मोजका, तेथे लेकराचा धडा उतरायचाच नाही.

हे वजन येते कोठून? अक्षरांतून नव्हे, ती फार थोडी जागा घेतात. वजन असते ते फोटोंचे. मोबाईलने काढलेला फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असू शकतो. स्लाइडवर कोपरा धरून आपण तो चार इंच रुंद करतो. दिसायला तो लहान झाला, पण फाईलमध्ये सगळे ठिपके तसेच राहिले. गाठोडे कोपऱ्यात सरकवले म्हणून ते हलके होत नाही!

पडद्यावर वाचण्यासाठी इंचाला १५० ठिपके पुरतात. म्हणजे त्याच फोटोला आडवे ६०० आणि उभे ४५०, एकूण २ लाख ७० हजार ठिपके पुरे. सुमारे चव्वेचाळीस पटींनी कमी!

आता कृती ऐका. प्रथम मूळ फाईलची एक प्रत काढून ठेवा; गेलेले ठिपके पुन्हा मिळत नाहीत. मग विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये एखाद्या फोटोवर टिचकी मारा आणि 'कॉम्प्रेस पिक्चर्स' निवडा. 'फक्त या चित्रापुरते' अशा अर्थाची खूण काढून टाका, म्हणजे सर्व फोटोंना ते लागू होईल. १५० चा पर्याय घ्या. कापलेला भाग काढून टाकण्याची खूणही तेथेच असते, ती ठेवा. नाही तर फोटोतून कापलेला चेहरा वा फोन नंबर स्लाइड्सच्या फाईलमध्ये दडून राहतो, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला तो पुन्हा उघडता येतो. शेवटी पीडीएफ करताना 'मिनिमम साइझ' निवडा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी पीडीएफ करतेवेळी चित्रांचे रिझोल्यूशन १५० वर आणावे.

दोन गोष्टी मात्र टाळा. वजन कमी करण्याच्या नादात मजकुराचा फोटो काढून चिकटवू नका. अक्षर अक्षरच राहू द्या. पीडीएफ आपल्याबरोबर टंकही नेऊ शकते, त्यामुळे दुसऱ्याच्या मोबाईलवरही जोडाक्षरे फुटत नाहीत. दुसरे असे की, नकाशा किंवा बारीक आकृती कागदावर छापायची असेल तर १५० वर थांबू नका. २२० चा पर्याय घ्या.

एवढे झाले की फाईल आधी आपल्याच मोबाईलवर उघडा. सर्वांत बारीक अक्षर वाचता येते का, बोंडअळी ओळखू येते का, ते पाहा. येत असेल, तर खुशाल धाडा. धडा सोपा करून सांगणे हे जसे आपले काम, तसेच तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल इतका हलका करणे हेही आपलेच.