चित्रकार, लोक आणि मधली दरी

(रनाळे, जि. नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने चित्रकलेवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आधुनिक कलेच्या इतिहासातील एक प्रश्न निखळ अर्थशास्त्राचा आहे : चित्र कोणासाठी निर्माण होते आणि अखेर कोणाच्या हाती जाते?

१८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने विलायती वळणाचे शिक्षण दिले. त्या चाकोरीविरुद्ध १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. आरा घरगडी होते, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. ही मंडळी आरंभी डाव्या विचारांची भाषा बोलत होती. परंतु १९४९ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत सूझांनी ती भूमिका सोडल्याचे जाहीर केले. लोक आणि कलावंत यांच्यातील दरी बुजणारी नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

तो मला मान्य नाही. हुसेनांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे चित्र घ्या. सुमारे चौदा फूट लांब, तेरा चौकटी. स्वयंपाक करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या, गाडीतून निघालेल्या स्त्रिया. आणि एक शेतकरी, ज्याचा हात शेजारच्या चौकटीतील शेताला जणू आधार देतो. येथे बसलेल्या कोणास हे समजावून सांगावे लागेल? दरी रंगरेषेत नाही, मालकीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी भारतात आलेल्या एका डॉक्टरने ते चौदाशे रुपयांस घेतले, नॉर्वेला नेले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी गेला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र चित्रकार हयात नसला की पुरवठा गोठतो आणि धनिकांची चढाओढ वाढते. एवढ्यावरून चित्राची थोरवी ठरवू नये.

मुंबईत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते सार्वजनिक खरे, पण येथल्या मुलाला तेथे पोचण्यासाठी रात्रभराचा प्रवास आणि पालकाची बुडालेली मजुरी मोजावी लागते. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली खेड्यातील वाचनालयांनाही अनुदान मिळते. त्याच वाचनालयाच्या भिंतीवर वर्षाकाठी दहा उत्तम प्रतिकृती लागाव्यात, तालुक्यात एक फिरते प्रदर्शन यावे, एवढी तरतूद आपण जिल्हा परिषदेकडे मागू या.