छात्रालयातील माउली

मुलगा रडू लागला की, ‘मुलीसारखा काय रडतोस?’ असे त्याला विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. घरी निदान आईचा पदर असतो. परंतु केवळ मुलांच्या छात्रालयात लहानगा पोर आला, म्हणजे तोही आधार सुटतो. तेथे शिस्त असते आणि सोबत्यांची थट्टा असते. मग डोळ्यांतले पाणी त्याने कोणापुढे ढाळावे?

या प्रश्नाचे एक उत्तर खानदेशात अमळनेर येथे मिळाले. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचा भारही त्यांच्यावर आला. छडी हे त्या काळी शिक्षकाचे नेहमीचे साधन होते. साने गुरुजींनी हाती घेतली ती केरसुणी. खोली अस्ताव्यस्त दिसली तर ते मुलांना बोल न लावता ती स्वतः झाडून काढीत. मुलांचे कपडे धूत; आजाऱ्याची शुश्रूषा करीत. आपल्या शिक्षकाला ही कामे करताना पाहून मुले ओशाळत आणि आपली खोली आपण आवरू लागत. जे काम बायकांचे म्हणून त्यांनी घरी कधी केले नव्हते, त्यात कमीपणा नाही हे त्यांना उपदेशावाचून कळे.

मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. वर्गात जे सांगता येत नाही, ते सांगण्याची ती वाट होती.

अशा मायेने मुलगे दुबळे होतात, अशी शंका कोणी घेईल. परंतु हेच कोमल मनाचे शिक्षक १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि त्यांनी कारावास पत्करला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ज्याच्या डोळ्यांना पाणी येते, त्याचा निश्चय कच्चा असतो असे नव्हे.

मुलांच्या शाळा आणि वसतिगृहे आजही आहेत. तेथे नियम हवेत, खेळ हवेत, कष्टही हवेत. पण ज्याच्यापाशी मुलाला निःसंकोच रडता येईल, असा एक तरी वडीलधारा माणूस तेथे हवा. तो नसेल, तर मुलगा रडणे सोडून देतो. आणि पुढे दुसऱ्याचे रडणेही त्याला ऐकू येईनासे होते.