बोटीवर दहा दिवस आणि रोजची एक गोळी

(या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि इयरफोन जवळ नसेल त्यांच्यासाठीही.)

आजचा विषय थोडा हळू आवाजात बोलला जातो, म्हणून आपण तो नेहमीच्या आवाजात बोलू. एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी. ती मिळतात कुठे, हे बहुतेकांना माहीत असतं. मिळाल्यावर ती रोज नीट घ्यायची कशी, यावर मात्र कमी बोललं जातं. त्यात आपला रायगडचा किनारा. कोणी रेवस-थळहून बोटीवर जातो, कोणी मुरूडला होमस्टेवर कामाला आहे, कोणी श्रीवर्धनहून मुंबईला ये-जा करतो. पुस्तकात लिहिलेलं ‘रोज ठराविक वेळी’ या सगळ्यांच्या दिवसात बसवायचं कसं?

आधी दोन मिनिटं मागे जाऊ. 2001 सालापर्यंत या उपचाराचा खर्च एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या वर्षी सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधं एकत्र, वर्षाला 350 डॉलरला देऊ केली आणि जगभरचे भाव खाली आले. याच सिप्लाचा एक कारखाना आपल्या रायगडमध्ये, पाताळगंगेला आहे. पुढे 1 एप्रिल 2004 पासून सरकारने हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. 2017 पासून नियमही बदलला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार सुरू, सीडी-4 किती खाली जातोय याची वाट बघायची नाही.

म्हणजे औषध आहे, फुकट आहे, जिल्ह्यात आहे. तरी घोटाळा होतो, आणि तो होतो घरी आल्यावर.

पहिली गोष्ट : डबी

सध्या बहुतेकांना जी गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर, तीन औषधं एकाच गोळीत. दिवसाला एक. प्लॅस्टिकच्या डबीत येते, आणि आत ओल शोषणारी एक छोटी पुडी असते.

आता आपल्याकडे काय होतं? डबीवरचं नाव कोणी वाचेल म्हणून गोळ्या काढून साध्या पिशवीत बांधतात. किंवा डबी खुळखुळते म्हणून कागदात गुंडाळतात. भीती खरी आहे, गाव छोटं असतं. पण किनाऱ्यावरची खारी, दमट हवा गोळीला मारक आहे. म्हणून गोळ्या मूळ डबीतच राहू द्या, ती पुडीही आतच. नाव दिसायला नको असेल तर डबी दुसऱ्या मोठ्या डब्यात किंवा मोज्यात घाला. खुळखुळत असेल तर वर थोडा कापूस ठेवा. बोटीवर असाल तर इंजिनजवळच्या गरम जागी ठेवू नका आणि बर्फाच्या खणातही नको. झाकण घट्ट लावून, कपड्यांच्या बॅगेत मधोमध, बस्स.

दुसरी गोष्ट : वेळ

अजूनही सांगितलं जातं, ‘ही गोळी रात्री झोपतानाच घ्यायची.’ हे आलं जुन्या गोळीवरून. तिच्यात एफाविरेन्झ असायचं, त्याने चक्कर येई, विचित्र स्वप्नं पडत, म्हणून ती झोपताना. टीएलडीला अशी अट नाही. उलट काहींची झोप हिच्याने उडते, त्यांनी डॉक्टरांना विचारून सकाळी घ्यावी. पोटात अन्न हवंच असंही नाही. त्यामुळे श्रावणातला उपवास असो की रमजानचा रोजा, गोळी सोडायचं कारण नाही. रोज्यात सहरी किंवा इफ्तार यांपैकी एक वेळ धरा आणि तीच ठेवा.

बोटीवर घड्याळाचा दिवस नसतो. कधी पहाटे जाळी ओढायची, कधी रात्रभर. मग गोळी घड्याळाला न बांधता अशा गोष्टीला बांधा जी रोज होतेच. सकाळचा पहिला चहा, किंवा दात घासणं. मोबाईलवर अलार्म लावायचा तर त्याला औषधाचं नाव देऊ नका, ‘चार्जर’ असं काहीही लिहा. समुद्रात रेंज नसली तरी अलार्म वाजतो.

विसरलात तर? आठवलं की लगेच घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर गेलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाही. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची असते. बोट लागण्याचा त्रास असेल त्यांनी याबद्दल निघण्याआधीच केंद्रात बोलून घ्यावं आणि दोन-चार गोळ्या जादा न्याव्यात.

आणि दारू. ‘आज घेतली आहे, मग गोळी नको’ असं म्हणणारे खूप आहेत. दारू वाईटच, लिव्हर तिच्या हिशेबाने खराब होतंच. पण घेतली म्हणून गोळी चुकवणं म्हणजे एका नुकसानावर दुसरं. त्या दिवशीही गोळी घ्यायचीच.

तिसरी गोष्ट : गोळीच्या सोबत काय जातंय

हा भाग नीट ऐका, कारण हे सहसा कोणी विचारत नाही.

जळजळ झाली की आपण डायजिन, जेलुसिल पितो. त्यांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. ते पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि औषध अंगात कमी जातं. म्हणजे गोळी तर रोज घेतली, पण पोचली अर्धीच. नियम सोपा आहे : टीएलडी आधी, आणि अँटासिड त्यानंतर दोन तासांनी. किंवा अँटासिड आधी झालं असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीच्या जोडीने घेतल्या तर चालतात. गरोदर ताईंना या दोन्ही मिळतातच, त्यांनी हे लक्षात ठेवावं. जिमवाल्यांनो, तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह, कॅल्शियम, झिंक असतं. डबा उलटा करून वाचा.

टीबीचा कोर्स सुरू झाला तर टीबीच्या डॉक्टरांना एआरटीबद्दल सांगाच. रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून त्या काळात डोल्युटेग्राविरची एक वेगळी गोळी बारा तासांनी द्यावी लागते. फिट येण्याच्या काही औषधांचंही असंच आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर त्याचा डोस बघावा लागतो. अंगदुखीवर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी जपावं. जाळी ओढून खांदे भरून येतात हे मान्य, पण टेनोफोविरही किडनीवर भार टाकू शकतं. म्हणून तर केंद्रात क्रिएटिनिन तपासतात.

आणि झाडपाल्याचं, भस्माचं औषध? आधी केंद्रात दाखवा. ‘एआरटी बंद कर, हे घे’ असं कोणी म्हटलं की तिथून उठायचं.

चौथी गोष्ट : बरं वाटतंय म्हणून थांबणं

सहा महिन्यांत वजन भरतं, ताप जातो आणि मन म्हणतं, झालं की आता. व्हायरस मात्र अंगात लपून असतो. औषध थांबलं की तो काही आठवड्यांत परत वाढतो. सारखे खंड पडले तर औषधाला दाद न देणारा व्हायरस तयार होतो आणि मग दुसऱ्या, जास्त गोळ्यांच्या उपचारावर जावं लागतं. ज्यांना हेपटायटिस बी पण आहे त्यांचं लिव्हर औषध अचानक बंद केल्याने एकदम सुजू शकतं.

आता चांगली बाजू. गोळी नियमित घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत व्हायरस सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 2019 साली लॅन्सेटमध्ये युरोपातला एक अभ्यास आला. 782 पुरुष जोडपी, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह आणि उपचारावर. त्या जोडीदाराकडून झालेली लागण : शून्य. लग्न, मूल, संसार सगळं होऊ शकतं. आपला व्हायरल लोड किती आला, हे केंद्रात विचारायचा तुमचा हक्क आहे. विचारा.

निघण्याआधी

बोट बर्फ, डिझेल, राशन मोजून निघते ना? तशाच गोळ्या मोजा. जेवढे दिवस बाहेर, त्यावर आठ जादा. वादळात बोट दुसऱ्याच बंदराला लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, काम सांगून मागा. श्रीवर्धनहून अलिबाग म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे हे बोलायला लाजू नका. हिरव्या पुस्तकाचा फोटो मोबाईलमध्ये लॉक लावून ठेवा. डबी पाण्यात पडली, हरवली, तर जिथे असाल तिथल्या एआरटी केंद्रात जा. प्रवासातल्या माणसाला थोड्या दिवसांच्या गोळ्या देण्याची सोय आहे.

आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांच्यासाठी एक वाक्य. मित्राची डबी दिसली तर गप्प राहा. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने ही माहिती त्याची आहे. त्याच्या परवानगीशिवाय ती सांगता येत नाही, आणि या कारणावरून त्याला कामावरून काढताही येत नाही. जमलं तर एवढंच म्हणा, ‘चहा झाला का रे? चल, घेऊ.’ त्याला गोळीची आठवण आपोआप होईल.

काही विचारायचं असेल तर 1097, फुकट नंबर आहे आणि नाव सांगावं लागत नाही. हा भाग ज्याला लागेल त्याला पाठवा, ग्रुपवर नको, एकट्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!